फर्मीन, पात्रांवचं पाणी तीसवर आहे

आधी कामाचं सांगते, बाकीचं मागाहून. तीसवर आहे. काल संध्याकाळी एकोणतीस अंश होतं, आज सकाळी तीस केलं. एकदम चढवलेलं नाही, तेव्हा आहेस तिथून डोळे वटारू नकोस. हवेचा पंप पूर्ण सोडलाय. टाकीतलं पाणी चार बोटं कमी केलंय, म्हणजे फिल्टरची धार वरून पडते आणि पाणी खळखळतं. गरम पाण्यात हवा कमी राहते हे तू मला इतक्या वेळा ऐकवलंयस, की हल्ली चहा उकळतानाही मला त्यातल्या हवेची काळजी वाटते.

पात्रांव खात नाही. अंगावर पांढरे कण आहेत, शेपटीवर जास्त, आणि एक डाव्या डोळ्याच्या अगदी वर, टिकली लावल्यासारखा. तुझ्या माघारी तुझ्या माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा आजार झाला, आणि त्यावर उपचार जाणणारी या वाडीतली एकटी बाई तू, तीच नाहीस. ही काय रीत झाली?

थांब हं. बघून येते.

आहे. तीसवरच आहे.

तुझ्याबद्दल चार ओळी लिही, असं सगळे म्हणतायत. तुमच्या पाद्रींनी सांगितलं, तुझ्या मुलानं, रॉनीनं, मस्कतला परतल्यावर फोन करून सांगितलं. जन्म कधी, शाळेत विज्ञान किती वर्षं शिकवलं, मागे कोण कोण आहे, ते चर्चच्या फळ्यावर लागलंय. फोटोही लागलाय. त्यात तू अशी बघतेस की समोरच्यानं गृहपाठ केलेलाच नाही. ते सगळं मी पुन्हा कशाला लिहू? वाचणाऱ्याला एवढं कळलं तरी पुरे, की तुझ्या आणि माझ्या घराच्या मधे चिऱ्यांचा कमरेइतका गडगा आहे, गडग्याला एक फट आहे, आणि आपल्या दोघींचा जन्म त्या फटीतून ये-जा करण्यात गेला. आता एकटी मीच ये-जा करते. तुझ्या घराची किल्ली माझ्या कनवटीला. सून म्हणते, "आई, जरा बसा." बसते. बसलं की वाटतं, हीटरचा लाल दिवा विझला असेल. उठते.

पात्रांव म्हणजे मालक. तुमच्या गोव्याकडचा शब्द. रॉनी पहिल्यांदा मस्कतला गेला तेव्हा काचेची टाकी तुझ्यावर सोडून गेला, त्यात हा ऑस्कर मासा, तेव्हा अंगठ्याएवढा. काळा, अंगावर विस्तवासारखे नारिंगी पट्टे. वाढत वाढत माझ्या तळहातापेक्षा मोठा झाला आणि टाकीचा कारभार त्यानं हातात घेतला. तू हौसेनं मधोमध मांडलेला दगड तो तोंडानं ढकलत कोपऱ्यात न्यायचा आणि मग वळून तुझ्याकडे बघायचा. दुसऱ्या दिवशी तू दगड परत मधे. तो परत कोपऱ्यात. तुझ्याशी वाद घालून जिंकणारा मी पाहिलेला तो एकटा.

जिवंत मासा घरात ठेवायचा आणि वर त्यालाच खायला घालायचं, हे मालवणात कुणाला पटणार? दूध घालणारी यायची आणि टाकीत डोकावून विचारायची, "बाई, ह्येका कधी खातलास?"

तू म्हणायचीस, "आमी खाणव नाय गो. तोच आमका खाता."

माशांबाबत मला अक्कल शिकवणारी तू पहिल्या दिवसापासून. मी लग्न होऊन मालवणात आले ती वैभववाडीच्या वरच्या अंगाहून, घाटाच्या पायथ्याहून. आमच्याकडे भात, काजू, आंबे. समुद्र मी लग्नाआधी बघितलाच नव्हता. मासे म्हणजे ओढ्यातले बोटभर, नाहीतर आठवड्याच्या बाजारातलं सुकं. पण ती विशीतली सुलू म्हणजे काय विचारता! नाकात नथ आणि सगळी अक्कल त्या नथीत. सासूला सांगून बसली, "ताजा मासा मला बरोबर कळतो." झालं, पाठवलं तिला बाजारात. तिनं एक बांगडा उचलला, कानाशी नेला आणि हलवला. हो, कानाशी. नारळात पाणी आहे का बघतात, तसा. मग जाणत्यासारखी मान डोलावून म्हणाली, "चांगला आहे."

शेजारी तू उभी होतीस. फ्रॉक, हातात पिशवी, माझ्याच वयाची, तुझंही लग्न नवं. त्या बांगड्याचे लाल, आत गेलेले डोळे तू बघितलेस आणि मला म्हणालीस, "बाय, हो मासो तुझ्यापेक्षा वयान मोठो आसा. पाया पड आणि ठेव परत."

त्या सुलूची आणि माझी आज गाठ पडली तर आधी तिची नथ काढून घेईन. पण तू तिला घरी घेऊन आलीस, कल्ले उघडून कसे बघायचे ते दाखवलंस, आणि घरी आल्यावर कळलं की गडग्यापलीकडची नवी सून ती तूच. सासूला कधी सांगितलं नाहीस. नंतर माझ्या सगळ्या नातवंडांना मात्र सांगितलंस, हातवारे करून.

आणि साठीतली सुलू तरी काय शहाणी होती? तुझ्या भावाच्या नातीचा बाप्तिस्मा होता म्हणून तू म्हापशाला गेलीस आणि पात्रांवला माझ्यावर सोपवलंस. खाणं घालायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. थंडीचे दिवस होते. पहाटे मतलई वारा सुटला की आमच्या बाथरूमची फरशीसुद्धा चावायची. एका सकाळी बघते तर पात्रांवच्या अंगभर बारीक पांढरे कण.

खरं सांगू? पहिल्यांदा मला भीती वाटलीच नाही. मालवणात इतकी वर्षं काढलेली बाई मी. रवा लावून तव्यापाशी ठेवलेला मासा कसा दिसतो? तसा तो दिसत होता. तोंडाला पाणी सुटलं माझ्या. भीती त्यानंतर आली. मग मी केलं काय, तर हातात मासा आला की मालवणातली कुठलीही बाई जे करते तेच. मीठ आणि हळद. मूठभर मीठ, वर चमचा भरून हळद. जखमेला हळद, एवढं माझं विज्ञान. पाणी पिवळं झालं, काच पिवळी झाली, पात्रांव पिवळा झाला.

तू आलीस. पिशवी अजून खांद्यालाच होती. टाकीकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

"सुलू, तू मासो बरो करत होतंस काय हुमाण करत होतंस?"

"अगो, तेका कायतरी झाला..."

"आता दोन कोकमां टाक, खोबरां वाट आणि भात टाकून बस." मग पिशवी खाली ठेवत म्हणालीस, "मीठ चलात. मीठ बरां असता. पण हळद कित्याक गो? तेका काय लग्नाक उभो करूचो आसा?"

मी रडत होते आणि हसतही होते. तू पदर नसलेली बाई. माझ्याच पदरानं माझं नाक पुसलंस आणि बादल्या भरायला लावलंस.

त्या दिवशी तू माझी शाळा घेतलीस. पांढरा ठिपका म्हणजे किड्याचं घर. माशाच्या कातडीत शिरून तो आत बसतो आणि खातो. घरात आहे तोवर त्याला औषध लागत नाही, काही लागत नाही. खाऊन गलेलठ्ठ झाला की सुटून तळाला पडतो, वाळूत दडतो आणि तिथं एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं मासा शोधत वर निघतात. मारायचं तर तेव्हाच. पाणी तापवलं की किड्याची सगळी घाई होते, लवकर सुटतो, लवकर फुटतो, आणि चांगल्या तापलेल्या पाण्यात त्याची पिल्लं तगत नाहीत.

मी म्हटलं, "म्हणजे पर्यटकच की! सुट्टीत येतात, खातात, फुगतात, जातात, आणि पुढच्या खेपेला गोतावळा घेऊन येतात."

तू भिंतीला टेकून इतकी हसलीस की पाईप हातातून सुटला आणि माझी साडी भिजली.

तरी मी वाद घातलाच. "आपण हयसर घामान निथळतो आणि माशाक हीटर? कुडाळाक निळां औषध गावता, दोन थेंब टाक आणि सोड." तू म्हणालीस, "तुका ताप येता तो कित्याक? आंग आपणच तापता, रोगाक भाजूक. तेच्या आंगाक तापूक येना नाय, म्हणान आपण पाणी तापवूचा." निळं औषध घालायचं की नाही यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. तो वाद अजून माझ्या बाजूला उघडा आहे, हे लक्षात असू दे.

मी हीटरचा खटका एकदम वर फिरवायला गेले तर तू हातावर चापट मारलीस. "हो मासो आसा, बटाटो न्हय. दमान चढव." सकाळी एक अंश, संध्याकाळी एक. तळाची वाळू पाईपनं ओढून घ्यायची, जेवढं पाणी जाईल तेवढं त्याच उबेचं परत घालायचं. आणि एक दिवस ठिपके गेले! पात्रांव स्वच्छ, काळाभोर, नारिंगी. मी आनंदानं खटका बंद करायला गेले. दुसरी चापट.

"ठिपके गेले म्हणान दुखणां गेला नाय."

हे वाक्य तू किती वेळा म्हणालीस! तळात काय आहे ते वरून दिसत नाही. मासा चकचकीत दिसतो त्याच वेळी खाली वाळूत त्यांची वाढ चाललेली असते. म्हणून सगळं छान दिसायला लागल्यावरही ऊब ठेवायची, कंटाळा आला तरी ठेवायची, आणि मग उतरवायची तीसुद्धा हळूहळू.

लाईट गेली. थांब.

आले. आमच्याकडे वारा नुसता माडाच्या झावळीला शिवला तरी लाईट जाते, हे तुला काय सांगायचं. न्हाणीत आमचं तांब्याचं भाण चुलीवर कायम असतं, त्यातलं कढत पाणी बाटल्यांत भरलं, बुचं घट्ट लावली आणि बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या. सरळ ओतलं नाही हो! साठीतली सुलू असती तर ओतलं असतं. टाकीला माझी गोधडी गुंडाळली. तीच, तुझे जुने फुलाफुलांचे फ्रॉक फाडून मधे घातलेली. सून दारात उभी राहून बघत होती. तिला हसू येत होतं की काळजी वाटत होती, कळलं नाही. पंप बंद म्हणून मी वाटीनं पाणी उचलून वरून ओतत बसले, हवा मिसळायला. वाटी भरायची, ओतायची. वाटी भरायची, ओतायची. हात भरून आला आणि बरं वाटलं. हाताला काम असलं की बरं असतं. लाईट आली तेव्हा मला रागच आला.

आता ते नाटकाचं सांगते, कारण पुढचं त्याच्यावाचून सांगता यायचं नाही.

त्याच पहिल्या आजारपणात, पाणी बदलल्यावर पात्रांव तळाशी जाऊन आडवा झाला. एका कुशीवर. डोळा वर, हालचाल नाही. मी किंचाळले. मागच्या परसात जाऊन जास्वंदीची फुलं तोडून आणली, कुठल्या माडाखाली पुरायचा तेही ठरवलं. तू स्वयंपाकघरातून हात पुसत आलीस. "रडतंस कित्याक? रुसलो आसा तो. तेच्या घरात आपण हात घातलो म्हणान." काचेवर बोटानं टकटक केलंस. "नाटकां पुरे झाली. ऊठ रे."

आणि तो उठला! पंख झाडत, वर, सरळ तुझ्या बोटापाशी. या जातीच्या माशांना हे सोंग जमतं, मनाविरुद्ध झालं की मेल्यासारखे पडतात, असं तू सांगितलंस. मी फुलं घेऊन उभीच. तू ती माझ्या हातातून घेऊन तुझ्या सायबिणीपुढे, त्या देवमातेच्या मूर्तीपुढे ठेवलीस.

तुझी माझी शेवटची भांडणं सुजेवरून झाली. पावसाळ्यात तुझ्या पायांवर सूज आली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दिवाळीपर्यंत सूज उतरली. आणि तू गोळ्या बंद केल्यास. मला कधी कळलं, तर तू गडग्याच्या फटीत उभी राहून फ्रॉक गुडघ्यापर्यंत उचलून दाखवलास तेव्हा.

"बघ पाय माझे. सूज खंय आसा? मगे गोळी कित्याक घेव?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ठिपके गेले म्हणान दुखणां गेला नाय! ह्या कोण सांगी माका?"

"मी काय मासो आसंय?"

"मासो असतंस तर बरां झाला असता. तेका सांगलेला ऐकूक तरी येता."

"जा गो, जा. तुझा बांगडो वाजव जा कानाक लावून."

एवढ्या रागातसुद्धा मला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. त्यानंतर तू खिडकीचा पडदा ओढून घेतलास. मीही माझ्या बाजूनं सुपारीच्या झावळीचं झापड फटीत आडवं लावून ठेवलं. आपली भांडणं पडदा आणि झापड यापलीकडे गेली नाहीत कधी. तुला पुन्हा सुनवायचं म्हणून मी वाक्यं जुळवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे तुला ओढत न्यायचं म्हणून रिक्षासुद्धा सांगून ठेवली होती.

सकाळी मी झापड काढलं आणि आले. दार नुसतं लोटलेलं. तू पलंगावर एका कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "नाटकां पुरे झाली. ऊठ गो. रिक्षा येतली."

किती वेळ मी तशी उभी होते, फर्मीन, तू रुसलीयस असं समजून. चहा टाकला. दोन कप. तुझ्या कपात साखर जास्त घातली, लाच म्हणून. पात्रांव टाकीत मागेपुढे येरझारा घालत होता, त्याच्या खाण्याची वेळ झाली होती. मी त्याला म्हटलं, "बघ रे तुझी बाई."

पुढचं नाही लिहीत.

आता हा आजार आला कुठून ते ऐक आणि रागावू नकोस. आमच्यात माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकतात. हंडे, कळशा, पिंप, सगळं रिकामं करून ताजं भरतात. तुला पुरून आल्यावर माझी सून तुझ्या घरी झाडलोट करायला गेली. भली पोर. तुला मावशी म्हणायची आणि मावशीला जे करायचं ते तिनं केलं. तुझे हंडे ओतले, माठ ओतला, आणि मग टाकीकडे बघून तिला प्रश्न पडला असणार. पाणी तर हेही भरलेलंच. निम्मं काढलं आणि विहिरीचं ताजं, गारेगार पाणी वरून भरलं. ख्रिस्ताव घरात हिंदू सुतक पाळून आली. रॉनी बाजूलाच उभा होता, त्याला वाटलं असंच करायचं असेल.

थोड्याच दिवसांत रवा लागला.

सून बिचारी रडकुंडीला आली. मी तिला म्हटलं, रडू नको, मी तर हळद घातली होती. तुझ्या वतीनं माफ करून टाकलं. चालेल ना?

रॉनी जाण्याआधी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसला होता. म्हणाला, "मावशी, घर आता बंदच राहणार. तारकर्लीला माझ्या दोस्ताचा होमस्टे आहे, त्याच्याकडे मोठी टाकी आहे. ठिपके गेले की तो घेऊन जाईल याला. तुला या वयात ताप नको." त्याचा आवाज ओला होता, आणि तो तुझा मुलगा, टाकीही त्याचीच. मी काय म्हणणार? इतकी वर्षं मीच तर म्हणत आले, तुझ्या माशाचं तू बघ. म्हटलं, "बरां."

म्हणजे बघ कसा पेच. मी त्याला बरा करायला धडपडतेय, आणि बरा झाला की तो जाणार. मेला तर जाणारच. या घरात तुझ्या हाताची सवय असलेला दुसरा जीव उरलेला नाही. मी भिंतीचा टेकू घेऊन उभी राहते आणि त्याच्या शेपटीवरचे कण बघते, कमी झाले की बरं वाटतं आणि लगेच होमस्टेची ती मोठी टाकी आठवते. मग फटीतून घरी येते. मग परत जाते.

हा कागद तसाच पडून राहिला, मधे नाताळ येऊन गेला. तुमच्यात दुःख असलं की फराळ करत नाहीत, म्हणून नेवऱ्या आणि दोदोल वाडीतल्या सगळ्यांनी मलाच आणून दिले, मी तुझी कोण म्हणून कोण जाणे. कागदी तारा मी लावला तुझ्या दारात. थोडा वाकडा लागलाय. स्टुलावर चढले होते हे सुनेला सांगू नकोस.

आणि एका सकाळी ठिपके गेले.

होमस्टेवाला तिसऱ्या प्रहरी हजर. सज्जन मुलगा, गॉगल डोक्यावर. "काकी, मगे न्हेव काय? साफ दिसता हो."

मी पदर खोचला. "ठिपके गेले म्हणान दुखणां गेला नाय. तळात आसत ते."

"तळात माका काय दिसणा नाय."

"तुका कसे दिसतले? बाईंका दिसत होते."

तो गेला. परत आला. मी परत तेच. तुझं वाक्य इतक्या कामाचं असेल असं मला वाटलं नव्हतं, फर्मीन. एखाद्या वकिलासारखं वापरलं मी ते. पहिल्या खेपेला खरंच होतं. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला मी स्वतःलाच विचारलं, अगो सुलू, आता तळात किडा आहे की तू आहेस? पात्रांव खायला लागला होता. दगड कोपऱ्यात नेत होता. वाळू तर मी इतकी उपसली होती की तिथं किडा काय, त्याची आठवणसुद्धा उरली नसेल. माशाचं दुखणं गेलं होतं. माझ्याकडे बघून सगळे तेच म्हणत होते, हसते-बोलते, सावरली म्हातारी. त्यांना तरी काय दिसणार.

तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. हीटर एका अंशानं उतरवला. होमस्टेवाल्याला फोन केला, "ये आणि घेऊन जा." आदल्या संध्याकाळी पात्रांवला त्याच्या आवडीची सुंगटं, बारीक कोळंबी, सोलून घातली. निरोपाचं असं काही बोलले नाही. त्याला तसलं आवडत नाही, तुझ्यासारखंच.

तो आला. मोठी पिशवी, झाकणाची बादली, सगळं घेऊन. बाह्या सरसावल्या आणि मासा धरायला अडचण नको म्हणून आधी काय केलं, तर टाकीत हात घालून दगडच उचलला. तो दगड! पात्रांवनं एकदा बघितलं. आणि तळाला जाऊन एका कुशीवर आडवा झाला.

मुलगा दगड हातात धरून तसाच उभा. पाणी त्याच्या कोपरावरून गळतंय. "काकी... ह्येका काय झाला?"

मी चष्मा सारखा केला.

त्यानं वाकून बघितलं, काचेवर फुंकर घातली, माझ्याकडे बघितलं. "काकी, हो गेलो काय? आत्ता तर बरो होतो."

मी कपाळाला हात लावला. कपाळाला हात लावणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. एक शब्द उच्चारला नाही मी, साक्षीला तुझी सायबीण आहे. तो बिचारा हळहळला. दगड हळूच टेबलावर ठेवला, "रॉनीक मी कळवतंय, तुमी त्रास करून घेव नको, जास्वंदीच्या मुळात पुरा," असं म्हणाला आणि रिकामी बादली घेऊन गेला. फाटकाचा आवाज झाला. गाडी सुरू झाली, वळली, गेली. रॉनीला काय सांगायचं ते मी बघेन. तो तुझ्या पोटचा आहे, आधी रागावेल आणि मग हसून टाकी मला देईल.

मी दगड उचलून टाकीत ठेवला, मधोमध, तू ठेवायचीस तिथंच. पात्रांव आडवा तो आडवाच. डोळा वर. कल्ला हलतोय की पाणीच हलतंय, मला कळेना. चष्मा पुसला, तरी कळेना. बोट काचेला लावलं. ऊब होती.

"नाटकां पुरे झाली," मी म्हटलं. पुढचा शब्द तोंडातून निघेना. मागच्या वेळी तो मी तुझ्या उंबऱ्यात उभी राहून म्हटला होता.

मग म्हटला. "ऊठ रे."

काही नाही.

"ऊठ रे, मेल्या."

एक पंख हलला. मग दुसरा. अंग झाडून तो सरळ झाला, वर आला, माझ्या बोटापाशी थांबला, आणि वळून खाली जाऊन दगड ढकलायला लागला. कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

हाक मारली की उठूचा असता गो, फर्मीन. माशाक कळता तां.